वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सोडा : कायमचा वर्ज्य, की कधीमधी चालतो?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची) होऊन १४ महिने झाले. ११८ किलोवरून ७९ किलोवर आले आहे आणि तब्येतीची काही तक्रार नाही. शस्त्रक्रियेआधी जवळजवळ १० वर्षे मी दिवसाला तीन-चार कॅन कोला पीत असे. रात्रपाळी असली की पाण्याऐवजी तेच चाले. आहारतज्ज्ञांनी पथ्याची जी यादी दिली, तिच्या अगदी वरच्या ओळीत "फसफसणारी पेये कायमची बंद" असे लिहिले होते. मी कारण विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही, आणि मी निमूटपणे पाळले.

मागच्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात कुणीतरी हातात ग्लास दिला, नाही म्हणायचे राहून गेले आणि मी चार घोट प्यायले. पोटात कळ येईल, उलटी होईल, निदान मोठे ढेकर तरी येतील असे वाटले होते. काहीही झाले नाही. तेव्हापासून मात्र मन थाऱ्यावर नाही. ही बंदी खरोखर शरीरासाठी आहे, की आमच्यासारख्यांना धाक असावा म्हणून? सोड्याने जठर पुन्हा ताणले जाते, हे खरे आहे का? आणि बिनसाखरेचा असेल तर?

घरच्या फ्रिजमध्ये अगदी तळाशी एक कॅन आहे, शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात आणलेला. तो मी फेकलेला नाही आणि उघडलेलाही नाही. ज्यांना वर्षाहून अधिक काळ लोटला आहे, त्यांनी आपापले अनुभव कृपया मोकळेपणाने लिहावेत.

पाणपोई

अर्धविरामताई, माझा बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा) होऊन ५ वर्षे झाली. आपल्याला काही झाले नाही, हे वाचून आनंद होण्याऐवजी थोडी काळजीच वाटली, आणि त्याचे कारण सांगतो.

मला पहिल्याच वेळी झाले. सातव्या महिन्यात प्रवासात तहान लागली आणि हाताशी दुसरे काही नव्हते म्हणून साखरेच्या सोड्याची अर्धी बाटली संपवली. पंधराएक मिनिटांत छातीत धडधड, अंगाला दरदरून घाम, पोटात मुरडा आणि असा थकवा, की गाडी बाजूला घेऊन सीट मागे पाडून पडून राहावे लागले. यालाच डम्पिंग म्हणतात, हे ऐकून माहीत होते. पण ऐकणे वेगळे आणि रस्त्याच्या कडेला घामाघूम होऊन पडणे वेगळे. त्या दिवसानंतर मला सोडा सोडण्यासाठी निश्चयाची गरज पडलेली नाही, कारण तो निश्चय माझ्या आतड्याने माझ्या वतीने करून टाकला. आपल्या शरीराने आपल्याला असा धडा दिला नाही, म्हणजे आपल्याला तो निश्चय स्वतः करावा लागणार आहे, आणि ते अधिक कठीण आहे.

चौकस

इतरांसाठी सोडा हे नुसते नाम असेल. मराठीत ते आज्ञार्थी क्रियापदही आहे. बाटलीवर इतका स्पष्ट वैद्यकीय सल्ला छापलेला असताना वेगळ्या यादीची गरज का पडावी, हे मला कळलेले नाही.

दवबिंदू

माझे मत येथे बहुधा अल्पमतात असेल, तरीही मांडते. स्लीव्ह होऊन ३ वर्षे झाली. दुसऱ्या वर्षापासून मी रोज एक ग्लास साधे सोडावॉटर पिते; त्यात साखर नाही, गोडवा नाही, रंग नाही, केवळ पाणी आणि वायू. वजन दीड किलोच्या आत-बाहेर स्थिर आहे. मला साध्या पाण्याचा उबग आला होता आणि दिवसाचे दीड लिटर पूर्ण होत नव्हते; त्या एका ग्लासाने ते पूर्ण होऊ लागले. "सोडा" या एका शब्दाखाली साखरेचा कोला, डाएट कोला आणि सोडावॉटर या तीन अगदी वेगळ्या वस्तू कोंबून सरसकट बंदी घालणे मला पटत नाही. पाणपोईंना जो त्रास झाला तो बुडबुड्यांनी झाला, की साखरेने?

पाणपोई

साखरेने, हे मान्य करतो. ती बाटली पुरती उडून गेलेली, कोमट आणि बिनबुडबुड्यांची असती तरी घाम आलाच असता.

स्टेथोस्कोप

मी शल्यचिकित्सक नाही, साधा फिजिशियन आहे. परंतु माझ्याकडे नियमित तपासणीला येणाऱ्यांत या शस्त्रक्रिया झालेले बरेच रुग्ण असतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. सुरुवातीला तिच्यात साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावते. बायपासमध्ये वर ठेवलेला कप्पा याहूनही लहान, ३० मिलिलिटरच्या आसपास असतो, आणि तो थेट लहान आतड्याला जोडलेला असतो. जठराच्या खालच्या टोकाशी, जिथून अन्न आतड्यात उतरते, तिथे जो स्नायूंचा दरवाजा असतो, तो स्लीव्हमध्ये जागेवर राहतो आणि बायपासमध्ये अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. म्हणूनच साखरेचे पाणी बायपासच्या रुग्णाच्या आतड्यात एकदम जाऊन पडते, आतडे ते सौम्य करण्यासाठी रक्तातले पाणी खेचून घेते, आणि पाणपोईंनी वर्णन केले तसे १० ते ३० मिनिटांत सुरू होते. स्लीव्हनंतरही डम्पिंग होऊ शकते, पण त्याचे प्रमाण कमी असते. अर्धविरामताईंना काही झाले नाही यात म्हणूनच फारसे नवल नाही.

जठर ताणले जाण्याबद्दल. पहिले काही आठवडे टाक्यांची रेघ भरून येत असते, जठराला सूज असते, घोटघोट पाणी पिणेही जिकिरीचे असते, आणि त्या काळात वायूचा दाब, मळमळ व उलटी टाळण्यासाठी सोडा पूर्ण बंद ठेवणे योग्यच आहे. त्यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. त्यानंतरच्या वर्षांत मात्र सोड्याच्या वायूने जठर कायमचे मोठे होते, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. स्लीव्ह काळानुसार थोडी सैलावते, ती सोड्याला शिवलेही नाही अशा रुग्णांतसुद्धा. जठराची दुहेरी बेरियम तपासणी करताना आम्ही रुग्णाला मुद्दाम फसफसणारे दाणे देतो, त्यातून निघालेल्या वायूने जठर फुगते, क्ष-किरण चित्र घेतले जाते, आणि ढेकर दिल्यावर जठर पूर्ववत होते. तात्पुरते फुगणे आणि कायमचे ताणले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण याचा अर्थ बंदी निराधार आहे, असा कृपया काढू नये. स्लीव्हनंतर आम्लपित्त आणि छातीतली जळजळ ही मोठी तक्रार असते, कारण त्या अरुंद नळीत दाब अधिक असतो. त्यात वायू आणि आम्ल यांची भर घातली की ती वाढू शकते. ज्यांना जळजळ आहे, त्यांच्यासाठी सोडावॉटरही चांगले नाही.

चौकस

स्टेथोस्कोप साहेब, एक शंका आहे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना शल्यचिकित्सकांनी माझ्या पोटात कार्बन डायऑक्साइडच भरला होता, आणि नंतर दोन दिवस खांदा दुखला तो त्यामुळेच, असे मला सांगण्यात आले. स्वतः पोटभर सोडा फुंकायचा आणि आम्हाला एक घोट पिऊ द्यायचा नाही, हा कुठला न्याय?

स्टेथोस्कोप

वायू तोच, पण जागा वेगळी. शस्त्रक्रियेत तो जठरात भरत नाहीत, जठराबाहेरच्या उदरपोकळीत भरतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. उरलेल्या वायूने श्वासपटलाला चुरचूर होते आणि त्याच्या नसेची वेदना खांद्यात जाणवते. कार्बन डायऑक्साइड निवडतात, कारण तो रक्तात सहज विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर जातो. आपला युक्तिवाद न्यायालयात टिकणार नाही.

त्रिज्या

आकडे मांडल्याशिवाय मला चर्चा कळत नाही, म्हणून थोडा हिशेब. कोल्यामध्ये स्वतःच्या आकारमानाच्या साडेतीन ते चार पट वायू विरघळवलेला असतो. म्हणजे ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमधून सामान्य दाबाला एक लिटरहून अधिक वायू निघू शकतो. त्यातला पुष्कळसा उघडताना आणि ओतताना उडून जातो हे खरे, पण थंड पेयात वायू अधिक टिकतो आणि पोटातल्या ३७ अंशांना तो भराभर सुटतो. १५० मिलिलिटरच्या नळीत हे कसे वाटत असेल, याची कल्पना करवत नाही.

मात्र माझ्या मते खरा आकडा वायूचा नाही. त्याच कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार बाहेरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या ५ टक्क्यांखाली ठेवणे अधिक हिताचे, आणि सर्वसाधारण प्रौढाच्या बाबतीत ते दिवसाला सुमारे २५ ग्रॅम होतात. अर्धविरामताईंचे पूर्वीचे चार कॅन म्हणजे १४० ग्रॅम साखर, साडेपाचशेहून अधिक कॅलरी, आणि तीही कोणत्याही चर्वणाशिवाय. शस्त्रक्रियेने घन अन्नाची वाट अरुंद केली आहे. पातळाची वाट पूर्वीसारखीच मोकळी आहे.

जुनी वही

त्रिज्या यांचे शेवटचे वाक्य वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले, कारण माझी सात वर्षे त्या एका वाक्यात आली.

माझी स्लीव्ह ७ वर्षांपूर्वी झाली. ४१ किलो उतरले. दीड वर्षाने मी अगदी अर्धविरामताईंसारखेच एका समारंभात काही घोट घेतले, काही झाले नाही, आणि मनात एक हिशेब तयार झाला : काही झाले नाही, म्हणजे चालते. पुढे महिन्यातून एक कॅन, मग दर शनिवारी एक. मग घरात वडिलांचे आजारपण आले, रात्री जागून काढाव्या लागल्या, आणि रोजचे दोन कधी झाले ते मला खरोखर आठवत नाही. जेवण मात्र तेव्हाही मुठीएवढेच होते आणि मी सर्वांना अभिमानाने सांगत असे, की मी किती थोडे जेवते. चौथ्या वर्षाअखेर १९ किलो परत आले होते. तपासणीत जठर मुळीच मोठे झालेले नाही असे निघाले, तेव्हा डॉक्टरांसमोर मला रडू आले. कारण जठर ताणले गेले असते, तर दोष त्याच्यावर टाकता आला असता.

पहिल्या दीड-दोन वर्षांनंतर थोडे वजन परत येणे सर्वसामान्य आहे, हे मला आता माहीत आहे. पण थोडे म्हणजे १९ किलो नव्हे. गेली अडीच वर्षे पूर्ण बंद आहे आणि त्यातले ११ उतरले आहेत. दवबिंदूंना रोज एक ग्लास सोडावॉटर पेलते, याचा मला हेवा वाटतो, पण माझ्या बाबतीत बुडबुडे जिभेवर आले की त्यांच्यामागून गोडवा हवाच होतो. प्रत्येकाने स्वतःला ओळखून ठरवावे.

दवबिंदू

जुनी वही, इतके प्रांजळपणे लिहिल्याबद्दल आभार. मी कधीच गोड पेये पिणारी नव्हते, त्यामुळे माझा अनुभव जशास तसा सर्वांना लागू होणार नाही, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

नवखा प्रवासी

माझी शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. सध्या रोज पाच कॅन पितो, सर्व शून्य कॅलरीचे. ते शस्त्रक्रियेच्या दिवशी एकदम बंद करावेत, की आधीपासून कमी करावेत?

स्टेथोस्कोप

आधीपासून, आणि शक्यतो दोन-तीन आठवडे हाती ठेवून. कोल्याच्या प्रत्येक कॅनमध्ये साधारण ३० ते ४५ मिलिग्रॅम कॅफिन असते. आपल्या पाच कॅनचे मिळून दीडशेच्या पुढे जाते. ते एकदम तोडले, की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते आणि ही डोकेदुखी २ ते ९ दिवस टिकू शकते. शस्त्रक्रियेनंतर मळमळ, टाके आणि अशक्तपणा असताना ही एक जादा वेदना कशाला ओढवून घ्यायची? शिवाय त्या काळात डोके कशाने दुखते आहे, पाणी कमी पडल्याने की कॅफिन तुटल्याने, हे ओळखणेही अवघड होते. दर तीन-चार दिवसांनी एक कॅन कमी करावा आणि आपल्या शल्यचिकित्सकांना हे सर्व सांगून ठेवावे.

दंतकथा

व्यवसायाने दंतवैद्य आहे, म्हणून राहवत नाही. सर्वजण जठराची चिंता करत आहेत. तोंडाची कुणीच करत नाही.

दाताचे एनॅमल साधारण साडेपाच सामूच्या (म्हणजे pH; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) खाली विरघळू लागते. कोल्याचा सामू अडीचच्या आसपास असतो, आणि साखर काढून टाकली तरी आम्ल तेच राहते. म्हणून डाएट सोडा दातांच्या झिजेच्या दृष्टीने निर्दोष नाही. साधे सोडावॉटर याहून बरेच सौम्य असते. आता गंमत अशी, की शस्त्रक्रियेनंतर आपणा सर्वांना काहीही अगदी लहान घोटांनी, सावकाश, तासभर पीत राहण्याची सवय लावली जाते. पाण्यासाठी ती उत्तम आहे. पण हाच शिस्तीचा माणूस एक कॅन सोडा दुपारभर घोटघोट पीत बसला, की दर घोटाला दातांवर आम्लाचा नवा हात फिरतो आणि लाळेला ते निवळायला उसंत मिळत नाही. एका दमात पिणारा या बाबतीत कमी नुकसान करून घेतो, पण एका दमात पिणे आपल्याला शक्य नाही. त्यात ज्यांना उलट्या किंवा आम्लपित्त आहे, त्यांच्या दातांवर दोन्ही बाजूंनी हल्ला. प्यायल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये. पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि अर्धा-पाऊण तास थांबावे.

चौकस

दंतकथा या नावाचा माणूस इतके खरे बोलेल, असे वाटले नव्हते.

घरचा माणूस

माझी नाही, पत्नीची शस्त्रक्रिया झाली आहे. पथ्य तिचे आणि फ्रिज दोघांचा, ही आमच्या घरातली अडचण. पहिले सहा महिने मी माझा सोडा आणत राहिलो, कारण माझे काही कापलेले नव्हते. ती काही बोलली नाही. एकदा रात्री पाणी प्यायला उठलो, तर ती स्वयंपाकघरात अंधारात माझा कॅन कानाशी धरून हलकेच हलवत होती. पीत नव्हती, नुसती ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून घरात आणणे बंद केले. मी बाहेर पितो, ते तिला माहीत आहे आणि चालते. अर्धविरामताई, फ्रिजच्या तळाशी असलेल्या आपल्या कॅनबद्दल वाचले तेव्हा मला तो प्रसंग आठवला.

त्रिज्या

शून्य कॅलरीच्या पेयांबद्दलचा मूळ प्रश्न मागे पडला आहे. त्यातला गोडवा कॅलरी वाढवत नाही, तर हरकत नेमकी कशाला?

स्टेथोस्कोप

प्रश्न योग्य आहे आणि उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजनावर नियंत्रण ठेवण्याचे साधन म्हणून साखरेला पर्यायी गोडवे वापरू नयेत, असा सल्ला दिला. आधीपासून मधुमेह असलेल्यांना त्यातून वगळले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये डाएट पेयांत गोडव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅस्पार्टेमला "कर्करोगकारक असण्याची शक्यता" या गटात टाकले गेले आणि एकच घबराट पसरली. परंतु त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने दिवसाला प्रतिकिलो ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली, हे फारसे कुणी वाचले नाही. ७० किलोच्या माणसाला ती मर्यादा ओलांडायला नऊहून अधिक कॅन प्यावे लागतील. तेव्हा भीती बाळगण्याचे कारण मला दिसत नाही. गोडाची ओढ मात्र त्याने टिकून राहू शकते, आणि जुनी वही यांनी तेच सांगितले.

हाडांबद्दलही एक नोंद करतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या दीर्घकालीन आरोग्य अभ्यासाच्या २००६ मधील निष्कर्षात नियमित कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या नितंबाच्या हाडाची घनता कमी आढळली. इतर शीतपेयांबाबत तसे दिसले नाही. त्यावरून कोल्यानेच हाड झिजते, असे सिद्ध होत नाही. पण आपल्या शस्त्रक्रियांनंतर कॅल्शियम शोषले जाण्याची आधीच ओढाताण असते आणि दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, तेव्हा स्त्री रुग्णांना मी हे सांगतोच.

पाणपोई

थोडे अवांतर, पण विषयाला धरूनच : आमच्या गटातील एका गृहस्थांना शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी जठरात न पचलेल्या तंतूंचा गोळा साठला आणि डॉक्टरांनी तो विरघळवण्यासाठी चक्क कोला प्यायला लावला. आम्ही ऐकून हसलो होतो. हे खरे असते का?

स्टेथोस्कोप

खरे असते. जठरावर शस्त्रक्रिया झालेल्यांत असे गोळे होण्याची शक्यता अधिक असते, आणि वनस्पतिजन्य तंतूंचे गोळे विरघळवण्यासाठी कोला ही मान्य उपचारपद्धती आहे. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी लागते. "माझ्या पोटात गोळा असावा" असे स्वतःच ठरवून कुणी फ्रिजकडे जाऊ नये, हे चौकस यांना उद्देशून.

चौकस

मी उठलोच होतो, परत बसलो.

नवखा प्रवासी

पाचाचे चार झाले. आज डोके किंचित दुखते आहे, पण सहन होण्याजोगे आहे. एक छोटी शंका : नंतर जीवनसत्त्वाच्या फसफसणाऱ्या गोळ्या दिल्या तर त्याही वर्ज्यच का?

स्टेथोस्कोप

पाण्यात टाकून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ठेवावी, ढवळावी आणि मग घोटघोट प्यावी. तरीही त्रास झाला, तर चघळण्याची किंवा पातळ स्वरूपातली मागून घ्यावी.

अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. इतके प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते, आणि काही वाचताना डोळे भरून आले.

मूळ प्रश्नाकडे परत येते. जठर ताणले जाईल या भीतीनेच मी १४ महिने थांबले होते, आणि ती भीती बरीचशी खोटी निघाली. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण जुनी वही यांनी लिहिलेला "काही झाले नाही, म्हणजे चालते" हा हिशेब मी त्या समारंभातून घरी येताना, वाटेत, शब्दशः तसाच मांडला होता. मी दवबिंदूंच्या जातीची नाही, हे मला कळते. साधे सोडावॉटरही मी सध्या घेणार नाही. पुढच्या तपासणीला आहारतज्ज्ञांना कारणे विचारीन आणि त्या चार घोटांबद्दलही सांगेन.

घरचा माणूस, आपला प्रसंग वाचल्यावर मी उठून तो कॅन बाहेर काढला. त्यावरची तारीख पाच महिन्यांपूर्वीच उलटून गेली आहे.

चौकस

मग प्रश्नच मिटला. ओतून टाका.

अर्धविराम

ओतला. बेसिनमध्ये बराच वेळ फसफसत होता. नवा आणण्याचा प्रश्न मात्र तारखेने मिटत नाही, म्हणून उद्या कामावरून येताना रोजच्या दुकानाच्या समोरच्या फुटपाथने येणार आहे.

जुनी वही

मीही अजून समोरच्याच फुटपाथने येते.